घड्याळ म्हणतं ‘ताण ७२’. पुढे काय करायचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मनगटी घड्याळं, अंगठ्या, कपाळपट्ट्या, प्रकाशपेट्या, कानाला अडकवायची विजेची यंत्रं अशा ‘ताण घालवणाऱ्या’ वस्तूंची परीक्षणं आता वर्तमानपत्रांतून नेमाने येतात. बॅटरी किती दिवस टिकते, पडदा किती उजळ आहे, पाण्यात चालतं का, हे सगळं त्यांत असतं. ती वस्तू मनःस्थितीवर नेमकं काय करते हा भाग मात्र माहितीपत्रकातून उचललेल्या दोन ओळींत आटोपतो. त्यामुळे मुख्य फरकच वाचकापर्यंत पोचत नाही: यांतली काही यंत्रं फक्त मोजतात, काही शरीरात खरोखर बदल घडवतात. खप पहिल्या प्रकाराचा जास्त, उपयोग दुसऱ्याचा. या विषयात काम करणाऱ्या आम्हा काही जणांना हे सविस्तर मांडावंसं वाटलं, म्हणून हे लांबलेलं पत्र.

आधी मोजण्याविषयी. घड्याळाच्या पाठीवर हिरवा दिवा लुकलुकतो. हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश भरपूर शोषतं. ठोक्यासरशी मनगटातलं रक्त वाढलं की परत येणारा प्रकाश घटतो आणि त्या चढउतारावरून घड्याळ नाडी धरतं. मग लगतच्या दोन ठोक्यांमधलं अंतर मिलिसेकंदांत काढलं जातं. निरोगी हृदयाचे ठोके अगदी सारख्या अंतराने पडत नाहीत. श्वास घेताना ते जवळ येतात, सोडताना लांबतात. विश्रांतीत हा फरक चांगला असेल तर मेंदूतून येऊन हृदयाला हळू करणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा हृदयावरचा लगाम शाबूत आहे, असं ढोबळमानाने समजतात. या चढउताराला एचआरव्ही (हार्ट रेट व्हेरिएबिलिटी) म्हणतात. ‘ताण ७२’ हा आकडा मुख्यतः नाडीचा वेग आणि एचआरव्ही यांच्यातून गणिताने शिजवलेला असतो.

लगाम सैल व्हायला मात्र काळजीच लागते असं नाही. ताप, दारू, कॉफी, भरपेट जेवण, अपुरी झोप, शरीरात पाणी कमी पडणं, नुकताच चढलेला जिना, यांतलं काहीही पुरतं. मनापासून झालेला आनंदही पुरतो. शरीर उत्तेजित आहे एवढंच सेन्सरला कळतं. कशामुळे, ते कळत नाही. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे ८०० तरुणांच्या मनगटावर तीन महिने घड्याळ बांधलं आणि दिवसातून अनेकदा ‘आत्ता कसं वाटतंय’ हे त्यांनाच विचारलं. २०२५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. माणसाने सांगितलेला ताण आणि घड्याळाने दाखवलेला ताण यांचा मेळ जवळजवळ शून्य होता. झोपेच्या कालावधीबाबत घड्याळ बरंच विश्वासार्ह ठरलं.

म्हणून घड्याळ फेकून द्यावं असं नाही. त्याच्याकडून काय मागायचं ते बदलावं. पट्टा मनगटाच्या उंचवट्याच्या हाडापासून बोटभर वर, कोपराच्या दिशेने बांधावा. घड्याळ सरकू नये, पण त्वचेवर खोल वळही उठू नये. सैल पट्ट्यातून बाहेरचा प्रकाश आत शिरतो. फार आवळला तर रक्तच दाबलं जातं. गार पडलेले हात, सेन्सरखाली गोंदण आणि हाताची हालचाल या तिन्हींमुळे आकडे बिघडतात. टाइप करताना घेतलेली एचआरव्ही तर सरळ सोडून द्यावी. सर्वांत स्वच्छ आकडा रात्रीच्या झोपेतला. पहिले दोन-तीन आठवडे फक्त स्वतःची सरासरी बसू द्यावी आणि पुढे एका रात्रीऐवजी सात दिवसांच्या सरासरीकडे पाहावं.

दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना तर करूच नये. एचआरव्ही वयानुसार घटते, माणसागणिक प्रचंड बदलते आणि कंपन्याही एकच गोष्ट मोजत नाहीत. ॲपलचं घड्याळ एसडीएनएन (सगळी अंतरं सरासरीपासून किती विखुरली आहेत) दाखवतं, फिटबिट घड्याळ आणि ओरा अंगठी आरएमएसएसडी (लगतच्या दोन अंतरांत किती फरक पडतो) दाखवतात. दोन्हींचं एकक मिलिसेकंदच असलं तरी गणित वेगळं आहे. एकाचे ४५ आणि दुसऱ्याचे ४५ शेजारी ठेवण्यात अर्थ नाही. आणखी एक फसवी जागा: ठोके मुळातच अनियमित असतील, मधूनच जादा ठोका पडत असेल, तर एचआरव्ही खोटीच ‘उत्तम’ दिसते. पेसमेकर असणाऱ्यांसाठी हा आकडा निरर्थक आहे. नाडी मंद करणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्या सुरू किंवा बंद झाल्या की जुनी सरासरी मोडीत काढून नवी बसवावी लागते.

काही यंत्रं त्वचेची विद्युतवाहकता मोजतात. मन उत्तेजित झालं की तळहातांच्या घामग्रंथी जाग्या होतात, त्वचेतून वीज सहज वाहते आणि मायक्रोसीमेन्स या वाहकतेच्या एककातला आकडा चढतो. पद्धत जुनी आणि तत्त्वतः भक्कम आहे. अडचण जागेची. या कामाच्या ग्रंथी दाट असतात त्या तळहातावर आणि तळपायावर. मनगटावर त्या विरळ. तिथे खोलीच्या उकाड्याचा घाम भावनेच्या घामावर सहज मात करतो. हाताला लावलेलं क्रीमही मोजणी बिघडवतं.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे आकडा स्वतःच मनावर परिणाम करतो. मानसशास्त्रज्ञ स्टुअर्ट व्हॅलिन्स यांनी १९६६ मध्ये प्रयोगात सहभागी पुरुषांना चित्रं दाखवताना हृदयाचे बनावट ठोके ऐकवले. ज्या चित्रांच्या वेळी ‘आपले’ ठोके बदलले असं त्यांना वाटलं, ती चित्रं त्यांनी अधिक आकर्षक ठरवली. ठोके खोटे, पसंती मात्र खरी. मनगटावर ‘तुम्ही तणावात आहात’ असा इशारा थरथरला की हेच उलट्या दिशेने घडू शकतं. झोपेच्या आकड्यांच्या नादाने झोपच उडालेले रुग्ण २०१७ मध्ये डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले आणि त्या अवस्थेला ‘ऑर्थोसोम्निया’ असं नाव मिळालं. तेव्हा नवीन घड्याळ सुरू केल्यावर पहिलं काम सेटिंगमध्ये जाऊन ताणाचे इशारे बंद करण्याचं. दुसरं, घड्याळाच्या तोंडावरून तो आकडा काढून टाकण्याचं. मग दोन आठवडे रोज ठरावीक तीन वेळांना आपला ताण ० ते १० मध्ये कागदावर लिहावा, तोही घड्याळ न पाहता, आणि शेवटी दोन्ही रांगा शेजारी ठेवाव्यात. मेळ दिसला तर आकडा तुमच्या कामाचा आहे. नाही दिसला, आणि पुष्कळांना दिसणार नाही, तर त्या घड्याळाचा झोप आणि चालणं यांपुरता वापर करावा.

आता बदल घडवणारी साधनं. त्यांत सगळ्यांत भरवशाचं काम श्वासाचा ठेका देणारं यंत्र करतं. कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. रक्तदाब वाढला की मानेतल्या आणि छातीतल्या धमन्यांमधले दाब ओळखणारे मज्जातंतू हृदयाला हळू व्हायला सांगतात. दाब उतरला की उलट. हा संदेश जाऊन परिणाम दिसायला सुमारे पाच सेकंद लागतात. म्हणजे या चक्राची स्वतःची लय दहा सेकंदांच्या आसपासची. श्वासही दहा सेकंदांचा केला, मिनिटाला सहा, की दोन्ही लयी जुळतात आणि झोक्याला नेमक्या वेळी दिलेल्या ढकलीने तो उंच जावा तसा ठोक्यांचा चढउतार मोठा होत जातो. पॉल लेहरर आणि एव्हगेनी व्हाशिलो या संशोधकांनी यावरूनच एचआरव्ही बायोफीडबॅकची, म्हणजे शरीराचा संकेत पाहत त्याला वळण लावायची, पद्धत बसवली.

करायचं असं. पाठ टेकून बसावं. कंबरेचा पट्टा सैल करावा. नाकाने चार सेकंद श्वास आत, ओठ किंचित मिटून सहा सेकंद बाहेर. मध्ये रोखायचा नाही. ठेका पडद्यावरच्या फुग्यापेक्षा मनगटावरच्या कंपनातून घेतलेला बरा. डोळे मिटता येतात आणि फोन हातात राहत नाही. सुरुवात पाच मिनिटांची करावी आणि आठवड्याभरात दहावर जावं. मूळ पद्धतीत २० मिनिटं, दिवसातून दोनदा सांगितलेली आहेत, पण रोज दहा मिनिटं टिकली तरी पुष्कळ. महिनाभर तरी सोडू नये.

मिनिटाला सहा हा मधला आकडा झाला. प्रत्येकाची नेमकी लय ४.५ ते ६.५ श्वासांच्या दरम्यान कुठेतरी असते, उंच माणसांची साधारण मंद. ती शोधायची तर ठोके मोजणारा छातीचा पट्टा घ्यावा, कारण मनगटी घड्याळं नाडीची सरासरी काढून उशिरा दाखवतात आणि हा वेगवान चढउतार त्यात पुसला जातो. पट्ट्याची विद्युतपट्टी पाण्याने ओली करूनच बांधावी. कोरड्या पट्टीवर पहिली काही मिनिटं निव्वळ कचरा मिळतो. मग ६.५, ६, ५.५, ५ आणि ४.५ या वेगांनी प्रत्येकी दोन मिनिटं श्वास घ्यावा, मध्ये थोडी विश्रांती घ्यावी. ज्या वेगाला नाडीची सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी पातळी यांतलं अंतर मोठं पडलं, तो वेग आपला.

यात बहुतेकांचं चुकतं ते एकाच ठिकाणी: हळू श्वास घ्यायला सांगितलं की माणूस खोल श्वास घेतो. मिनिटाला सहाच, पण प्रत्येक वेळी छाती फुगवून. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. यंत्र चांगलं नाही असं समजून लोक इथेच सोडून देतात. उपाय सोपा आहे: वेग तोच ठेवून श्वास उथळ करायचा, शेजारच्याला ऐकू जाणार नाही इतका. दुसरी चूक म्हणजे ऐन घाबरल्यावर पहिल्यांदा यंत्र काढणं. आधी शांत असताना सवय झालेली असेल तरच ते तेव्हा हाताशी येतं. आणि काही जणांची अस्वस्थता श्वासाकडे लक्ष गेल्याने वाढतेच, विशेषतः ज्यांना घबराटीचे झटके येतात त्यांची. त्यांनी हट्ट करू नये. चालणं किंवा पुढे दिलेला हात गरम करण्याचा मार्ग घ्यावा.

यंत्राचीही गरज नसलेला एक प्रकार सांगायलाच हवा. नाकाने श्वास घ्यायचा, त्यावर आणखी एक छोटा श्वास चढवायचा आणि तोंडाने लांब सोडायचा. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत महिनाभर रोज पाच मिनिटं हा प्रकार करणाऱ्यांची मनःस्थिती सजगध्यान करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारली. चिंता मात्र सगळ्याच गटांत उतरली.

बोटांचं तापमान हे साधन आज जवळजवळ विस्मरणात गेलं आहे. १९७५ च्या सुमारास रंग बदलणाऱ्या ‘मूड’ अंगठ्यांची लाट आली होती. त्यांत तापमानानुसार रंग बदलणारे द्रवस्फटिक होते. भावना ओळखण्याचा दावा हास्यास्पद असला तरी मागचं तत्त्व खरं आहे: ताणात बोटांतल्या बारीक धमन्या आकसतात आणि बोटं गार पडतात. यासाठी तार आणि टोकाला सेन्सर असलेला, दशांश अंश दाखवणारा साधा डिजिटल तापमापक पुरतो. तापाचा थर्मामीटर चालत नाही. त्याची मोजणी सुरूच होते तिथे आपलं काम संपत आलेलं असतं. सेन्सर मधल्या बोटाच्या पेराच्या मऊ बाजूला कागदी चिकटपट्टीने अर्धा वेढा देऊन लावावा. पूर्ण वेढा घट्ट बसला तर रक्तप्रवाह अडतो आणि बोट गार राहतं. खोली २२ ते २५ अंशांची असावी, पंख्याचा किंवा एसीचा झोत हातावर नको. पाच मिनिटं आकडा स्थिर होऊ द्यावा. मग हात जड आणि उबदार होत आहेत अशी कल्पना करत पंधरा मिनिटं बसावं. ३५ अंशांच्या आसपास पोचणं हे नेहमीचं ध्येय. हात मांडीवर उपडा ठेवला तर मांडीची ऊब सेन्सरला लागते आणि फुकटची प्रगती दिसते, म्हणून तळवा वर. तापमान सावकाश बदलतं, त्यामुळे दर सेकंदाला पाहत बसणाऱ्याचं बोट हमखास गार होतं. ‘प्रयत्न केला की बिघडतं’ हे इतक्या स्वस्तात शिकवणारं दुसरं यंत्र आमच्या माहितीत नाही.

नैराश्यापुरता पुरावा प्रकाशपेटीमागे सर्वांत भक्कम आहे आणि तिची जाहिरात सर्वांत फसवी. नॉर्मन रोझेंथाल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये हिवाळी नैराश्याचं वर्णन केलं तेव्हापासून तेजस्वी प्रकाशाचा अभ्यास चालू आहे. ऋतूशी संबंध नसलेल्या नैराश्यातही २०१६ च्या एका नियंत्रित चाचणीत त्याचा फायदा दिसला. प्रचलित मात्रा १०,००० लक्स (प्रकाश किती पडतो त्याचं एकक), ३० मिनिटं, सकाळी उठल्यावर लवकरात लवकर. पण लक्स हे डोळ्यांपाशी मोजायचं असतं. अंतर दुप्पट झालं की प्रकाश साधारण चौथाईवर येतो. हातभर लांब ठेवायच्या मोठ्या पेटीला ते जमतं. पुस्तकाएवढ्या पातळ पाटीवरचे ‘१०,००० लक्स’ बहुधा चेहरा जवळजवळ टेकवल्यावरचे असतात. पेटी ४० ते ६० सेंटिमीटरवर, किंचित वर आणि बाजूला ठेवावी. डोळे उघडे असावेत, पण दिव्याकडे टक लावू नये; समोर वाचन चालू द्यावं. प्रकाश पांढरा आणि अतिनील किरण गाळलेला हवा. संध्याकाळी वापरली तर झोप पुढे ढकलली जाते. घराबाहेर ढगाळ सकाळीही कित्येक हजार लक्स मिळतात आणि घरातल्या दिव्याखाली जेमतेम काही शे, हे लक्षात घेता पेटी आणण्याआधी सकाळी बाहेर फिरून पाहावं. डोळ्याच्या पडद्याचे विकार असणारे किंवा प्रकाशाची संवेदनशीलता वाढवणारी औषधं घेणारे यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. बायपोलर विकारात ही पेटी उन्मादाचा झटका आणू शकते. पेट्यांच्या खोक्यांवर हे ठळक छापलेलं क्वचितच दिसतं.

आवाजाबद्दल थोडक्यात. आवाज रद्द करणारे हेडफोन पंखा, इंजिन, एसी अशी सलग घरघर छान खातात. बोलणं आणि कुत्र्याचं भुंकणं कमी खातात, तिथे कानाला बसणारी गादीच काम करते. चष्म्याच्या काडीने गादी उचलली गेली तर बराच परिणाम जातो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ८० डेसिबल, ४० तास अशी आहे आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करायचा आहे. रात्रभर पावसाचा आवाज लावणाऱ्यांनी हा हिशेब करावा. दोन कानांत थोडे वेगळे सूर सोडून मेंदूला लय लावण्याचा दावा करणाऱ्या ध्वनींमागचा पुरावा तुटपुंजा आहे. मेंदूच्या लहरी मोजणाऱ्या कपाळपट्ट्यांचंही काहीसं तसंच. या लहरी मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे फार क्षीण, असतात, भुवई आवळली तरी स्नायूंचा संकेत त्यांच्यावर मात करतो. पुष्कळदा माणूस ‘ध्यान’ शिकतो म्हणजे कपाळ ढिलं सोडायला शिकतो. तेही वाईट नाही म्हणा.

डोक्याला वीज देणाऱ्या यंत्रांची गोष्ट निराळी. १ ते २ मिलिॲम्पिअरचा प्रवाह २०-३० मिनिटं देणारी यंत्रं नैराश्यासाठी अभ्यासली जातात, पण विद्युतपट्टीची जागा दोन-तीन सेंटिमीटर सरकली तरी प्रवाहाचा मार्ग बदलतो. मिठाच्या पाण्यात भिजवलेला स्पंज वाळला की प्रवाह एका ठिपक्यात एकवटतो आणि त्वचा भाजते. अपस्मार, पेसमेकर किंवा डोक्यात धातूचं रोपण असणाऱ्यांनी यांच्या वाटेला जाऊ नये. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर घरी जोडणी करण्याची चित्रफीत पाहून कोणीही प्रयोग करू नये, हे वेगळं सांगायला लागू नये, पण लागतं. कानाच्या खळग्यातून व्हेगसला उद्दीपित करणाऱ्या क्लिपांचं संशोधन चालू आहे. आज कोणी खात्री देत असेल तर ती विक्रेत्याची खात्री आहे.

अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने २०१६ मध्ये जाहीर केलेल्या धोरणानुसार ‘ताण हाताळायला मदत’ एवढाच दावा करणाऱ्या कमी जोखमीच्या वस्तूंची वैद्यकीय उपकरणासारखी तपासणी होत नाही. ‘चिंताविकारावर उपचार’ असं म्हटलं की नियम लागू होतात. माहितीपत्रकांत ‘मदत’, ‘साथ’, ‘संतुलन’ असे शब्द का पेरलेले असतात त्याचं उत्तर इथे आहे. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, झोप-भूक उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर ते काम डॉक्टरांचं आहे आणि त्यासाठी घड्याळाच्या आकड्याची वाट पाहू नये.

नोकरीच्या ठिकाणी ‘कल्याण योजना’ म्हणून वाटले जाणारे पट्टे हाही विचार करण्याचा विषय आहे. युरोपीय संघाने २ फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या जागी आणि शिक्षणसंस्थांत कृत्रिम बुद्धिमत्तेने भावना ओळखण्यावर बंदी घातली. वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं तेवढी वगळली. जिथे असा कायदा नाही तिथे निदान माहिती कोणाकडे जाते, खातं बंद केल्यावर पुसली जाते का आणि मालकाला व्यक्तिशः आकडे दिसतात का, हे पट्टा बांधण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावं.

आपल्या परीक्षकांना एक विनंती. प्रकाशपेटीचं परीक्षण असेल तर लक्स किती अंतरावर मोजले ते छापा, शक्यतो स्वतः मोजून. घड्याळ असेल तर ताणाचे इशारे पूर्ण बंद करता येतात का, श्वासाचा वेग अर्ध्या श्वासाच्या टप्प्याने बदलता येतो का, ठोक्यांमधली मूळ अंतरं फाइलरूपाने बाहेर काढता येतात का आणि वर्गणी थांबवल्यावर काय काय बंद पडतं, हे लिहा. पडद्याच्या उजळपणाला दिलेली जागा या चार ओळींना सहज पुरेल.

आपले,
जैवसंकेत-मापनाच्या क्षेत्रात काम करणारे काही वाचक